बोरसाळचा उठाव

बोरसाळमध्ये उठाव होणार असं यंत्र म्हणत होतं, आणि सुप्रभा मगदूमला पहिल्यांदा चक्क हसू आलं. बोरसाळ म्हणजे तिचं माहेर, बेदाण्याची पेठ. तिथली माणसं वजनकाट्यावरून भांडतात, भाव पडला की अडत्याच्या नावाने खडे फोडतात आणि मग त्याच अडत्याच्या दुकानात बसून चहा पितात. अशा गावात कसला आलाय उठाव! पण समोर जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक केळुसकर बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर गमतीचा मागमूस नव्हता. तिने हसू गिळलं.

तिला पुण्याहून तातडीने बोलावून घेतलं होतं, कारण यंत्र तिचं होतं. म्हणजे कागदोपत्री आता पोलिसांचं, पण घडवलेलं तिने. बारा-पंधरा वर्षांपूर्वी तिने आणि तिच्या चार मित्रांनी 'मसलत' नावाचा खेळ बनवला होता. जुन्या काळातलं एखादं राज्य घ्यायचं आणि त्याचा कारभार हाकायचा. शत्रू बाहेरून येतो तेव्हा फारसं काही बिघडत नाही, खरी कसोटी लागते ती आतून फाटायला लागल्यावर. दुष्काळ पडतो, सरदार रुसतात, सुभ्यांतून गाऱ्हाणी येतात आणि एक दिवस एखादा सुभा उठतो. खेळणाऱ्यांना हेच आवडायचं. पोरं परीक्षा बुडवून सुभे सांभाळत बसायची.

या खेळाची खुबी अशी होती की त्यात प्रजा म्हणजे नुसता आकडा नव्हता. प्रत्येक सुभ्यात हजारो माणसं असायची, आणि प्रत्येक माणूस आपल्या ओळखीच्या पाच-दहा जणांवर डोळा ठेवून असायचा. पहिला दगड मारायला कोणीच तयार नसतं. दहावा दगड मारायला मात्र बरेच तयार असतात, आणि शंभरावा मारायला तर शाळामास्तरसुद्धा. किती जण उठलेले दिसले म्हणजे आपण उठायचं, हा प्रत्येकाचा उंबरठा वेगळा. सुप्रभाने हे उंबरठे बसवले होते. बंदोबस्त वाढवला की लोकांची भीती वाढते, तशीच चीडही वाढते. दोन्हींत कोण जिंकेल हे त्या सुभ्याच्या स्वभावावर अवलंबून. हे सगळं मिळून एक काटा तयार व्हायचा. त्याचं नाव 'फितूर'. काटा लाल झाला की समजायचं, सुभा हातचा चालला.

पुढे कुणाच्या तरी डोक्यात आलं की जुन्या राज्यांसाठी चालतं ते आजच्या तालुक्यांसाठी का चालू नये. खेळातली खोटी माणसं काढून खरी घातली. लोक उघड गटांवर, फलकांवर, बाजाराच्या ध्वनिक्षेपकावर जे बोलतात ते यंत्र ऐकू लागलं. दोन-तीन ठिकाणी त्याने आधी सांगितलं तसं घडलं, आणि मग काय विचारता. साहेबलोक सकाळी चहाच्या आधी काटा बघायला लागले.

केळुसकर तर त्यातले मुरलेले. वय पस्तिशीचं, कोकणातले, शिक्षण सगळं दिल्लीकडे. "मॅडम, कॉलेजात असताना मी तुमची 'मसलत' एकदाही हरलो नाही," असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं होतं, आणि ते कौतुकाने सांगितलं होतं. आता त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. लाल काट्याखाली नावांचं एक जाळं होतं आणि जाळ्याच्या मधोमध ठळक अक्षरात लिहिलं होतं, भरतेश मगदूम.

"तुमचे कोण?" त्यांनी विचारलं.

"सख्खा भाऊ," सुप्रभा म्हणाली.

केळुसकरांनी मान हलवली. उद्या सकाळी बाजार भरायच्या आत त्यांना ताब्यात घेणार आहोत, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. त्याआधी यंत्रात बिघाड नाही एवढी खात्री तिच्याकडून हवी होती. बाकी काही नको.

तिने यंत्राने टिपलेले बोरसाळचे संदेश मागितले आणि वाचायला घेतले. पहिल्याच पानावर तिच्या लक्षात आलं. 'या आठवड्यात मोठा उठाव होणार, माल तयार ठेवा.' 'दिल्लीची पार्टी येतेय, उठाव जोरात राहील.' 'पेट्या भरून मागच्या गोदामात लावा, भरतेशअण्णा सांगतील तेव्हाच बाहेर काढायच्या.' तिने डोक्याला हात लावला. अहो, पेठेत मालाला गिऱ्हाईक असलं, पटापट खपू लागला, की त्याला उठाव आहे म्हणतात! दिवाळी तोंडावर आली की बेदाण्याला उठाव येतो, दिल्ली-कानपूरचे व्यापारी उतरतात, आणि त्यांना तिकडे पार्टी म्हणतात. पेट्यांत बेदाणे असतात. यंत्राला मात्र तिनेच जुने कागद, बखरी आणि इतिहासाची पुस्तकं चारली होती. त्यात उठाव म्हटलं की एकच उठाव. लहानपणापासून रोज जेवताना जो शब्द वडिलांच्या तोंडून ऐकला, तो यंत्राला शिकवायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. घरातलाच शब्द, त्याची वेगळी दखल कोण घेतो?

तिने केळुसकरांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, त्यांचे कान जरा लाल झाले, आणि मग त्यांनी तिला तिथेच बसून शब्द दुरुस्त करायची परवानगी दिली. सुप्रभाने पेठेतला अर्थ घातला आणि यंत्राला सगळे संदेश पुन्हा वाचायला लावले. काटा झरझर खाली आला. मागचा आठवडा हिरवा झाला, त्याच्या आधीचाही. मग यंत्र परवाच्या दिवसापाशी आलं आणि काटा पुन्हा चढू लागला, चढत चढत पहिल्या जागी जाऊन बसला.

"हे काय?" ती म्हणाली.

परवा आम्ही बंदोबस्त लावला, असं केळुसकर म्हणाले. बाजार समितीच्या फाटकाशी तीन गाड्या उभ्या केल्या, गोदामं तपासली, पेट्या फोडल्या, आत बेदाणेच निघाले तेव्हा खरा माल आधीच हलवलाय असं धरलं, आणि पेट्या मागच्या गोदामात लावणाऱ्या दोन हमालांना चौकशीसाठी आणलं. ते अजून इथंच आहेत.

म्हणजे चूक सुधारली होती आणि संकट जिथल्या तिथं होतं. परवापासून बोरसाळचे लोक जो उठाव म्हणत होते तो खरोखरच दुसरा होता. यंत्राने चुकीचं वाचलं, पोलिसांनी ते खरं धरलं, आणि आता लोकांनी ते खरं करून दाखवायचं ठरवलं होतं. अण्णाला उद्या बाजाराच्या तोंडावर उचललं तर निम्म्या गावाचे उंबरठे एका दमात ओलांडले जातील, हे तिला कुठलंही यंत्र न बघता कळत होतं. आणि लोक धावून आल्यावर पोलीस काय करतील हेही कळत होतं. त्या गर्दीत सगळ्यात पुढे तिचा भाऊ असणार होता, कारण त्याला मागे उभं राहता येत नाही.

"वेढा उठवा," ती म्हणाली.

केळुसकरांना लगेच समजलं. खेळात ते एक बटण होतं. सैन्य पाठवा, म्होरक्याला धरा, सवलत द्या, पैसे चारा, आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, वेढा उठवा. ते दाबलं की तुमचा दरारा एकदम निम्म्यावर यायचा. त्यामुळे कोणी दाबायचंच नाही. "मी एवढा खेळलो, पण ते बटण कधी दाबलं नाही," ते म्हणाले. मग त्यांनी सरळच सांगितलं की सख्ख्या बहिणीच्या सल्ल्यावरून बंदोबस्त काढला आणि दुपारी पेठ पेटली, तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. नोकरीचं सोडा, माणसं मरतील. तुमच्या भावाकडून भरवसा आणा, मग बघू. उद्या सौदे सुरू होण्याच्या आधी.

ती उन्हं उतरायला बोरसाळला पोचली. फाटकाशी निळ्या गाड्या उभ्या होत्या आणि समोरच्या रसवंतीच्या बाकांवर माणसं नुसती बसली होती. रस कोणी पीत नव्हतं. तिची गाडी पोलिसांनी न अडवता आत सोडली, आणि हे बाकांवरच्या प्रत्येकाने पाहिलं. तिथंच घोळ झाला होता, पण आता उपाय नव्हता.

अण्णाचं अडत दुकान माणसांनी भरलेलं होतं. आत गादीजवळ दोन बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. धरून नेलेल्या हमालांच्या त्या बायका. परवापासून अण्णानेच त्यांना दुकानात बसवून घेतलं होतं आणि त्याच्या घरून डबा येत होता. सुप्रभा आत आली तशी बोलणी थांबली. कोणीतरी मागून, पोलिसांच्या पाहुण्या आल्या, असं पुटपुटलं. अण्णाने वर पाहिलं. त्याने तिला "जेवलीस का?" एवढं विचारलं आणि पुन्हा समोरच्या माणसाशी बोलायला लागला. एरवी ती आली की हा माणूस अख्ख्या पेठेला ओरडून सांगायचा.

तरी तिने धीर करून विचारलं, उद्या काय होणार आहे, अण्णा?

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. अण्णा सावकाश म्हणाला, "उद्या उठाव होणार. दुसरं काय व्हायचंय?"

आणि सुप्रभाला कळेना. आईशपथ कळेना. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून तिने ही पेठ पहिल्यांदा पाहिली, त्याच्या तोंडचा एक साधा शब्द तिला लावता येईना. चेहरा बघून कळावं तर चेहरा दगडासारखा. दिवसभर ती यंत्राला मनातल्या मनात शिव्या देत होती, आणि आता ती स्वतः त्याच्याच जागी उभी होती. ती गादीच्या कडेला टेकली.

अण्णाची अडचण तिला दिसत नव्हती असं नाही. तो सगळ्यांसमोर, काही होणार नाही, असं बोलला असता, तर त्याच क्षणी लोक म्हणाले असते, मगदूम फितूर झाला, बहिणीमार्फत मिळाला. मग त्याचं ऐकायला कोणी उरलं नसतं आणि पोरांना आवरणारा माणूसच गेला असता. आणि उठणार म्हणून ओरडला असता, तर दारातल्या माणसांनी ते फोनवरून गटांवर टाकलं असतं आणि यंत्राने ऐकलं असतं. तो काहीही बोलला तरी वाईटच होतं. म्हणून तो उठाव म्हणाला होता.

समोर ताटात नमुन्याचे बेदाणे पसरले होते. सुप्रभाने मूठभर उचलले. "माल कसला आहे?" तिने विचारलं.

अण्णाने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग खांद्यावरचा पंचा काढला आणि तिच्या हातावर टाकला, आणि त्याखाली आपला हात घातला.

आता हे सांगायला हवं. बोरसाळात सौदे हल्ली उघड बोलीने, पडद्यावर आकडे दाखवून होतात. पण त्यांच्या वडिलांच्या काळी ते रुमालाखाली होत. घेणारा आणि देणारा कापडाखाली एकमेकांची बोटं धरायचे, बोटांनी भाव सांगायचे, आणि तोंडाने मात्र हवापाण्याच्या गप्पा मारायचे, म्हणजे शेजारच्याला पत्ता लागू नये. बोटं सुटली तर सौदा मोडला. अख्खी मूठ दाबली तर सौदा झाला. मूठ दाबल्यावर माघार घेणाऱ्याच्या सौद्याच्या ओट्यावर पुन्हा कोणी चढत नसे. वडिलांनी हे दोघांनाही शिकवलं होतं, आणि लहानपणी भाऊबहीण सणाच्या पंगतीत ताटाखालून असेच लाडवांचे सौदे करायची.

"गाड्या रिकाम्या परत गेल्या," सुप्रभा म्हणाली, "आणि तुमचे दोन डाग जसेच्या तसे परत आले. तर सौदा मोडणार नाही ना?"

पेठेत डाग म्हणजे पोतं, बोजा. दुकानातल्या कोणाला कळलं, कोणाला नाही. भिंतीला टेकलेली एक बाई मात्र ताठ बसली.

पंच्याखाली अण्णाची बोटं तिच्या बोटांवर नुसती ठेवलेली होती, हलत नव्हती. ती आता सुटणार असं तिला वाटत राहिलं. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माल जरा ओला वाटतोय, न्हाई?" आणि तिची मूठ त्याने इतक्या जोरात दाबली की बेदाण्यांचा चिकट लगदा तिच्या तळव्यात पसरला.

सकाळी केळुसकर स्वतः फाटकाशी आले, त्या दोन हमालांना मागच्या गाडीत घेऊन. रसवंतीसमोर आता बाकं पुरत नव्हती, माणसं रस्त्यावर उभी होती. बरीचशी तरुण पोरं, हात खिशात घालून. मागे कोणीतरी रस्त्याच्या कामाच्या खडीचा ढीग वाटेतच ओतून ठेवला होता. सुप्रभा जीपमध्ये त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

काय म्हणाला तुमचा भाऊ, असं त्यांनी विचारलं.

"माल ओला आहे म्हणाला."

केळुसकरांनी तिच्याकडे पाहिलं. तिने पंचा, मूठ, सगळं सांगितलं. सांगताना तिला स्वतःलाच ते पोरखेळ वाटायला लागलं. केळुसकरांच्या मांडीवरच्या पडद्यावर काटा लालात होता, आणि त्या मुठीसाठी यंत्रात कुठलाही रकाना नव्हता. ते बराच वेळ समोरच्या पोरांकडे बघत राहिले.

"मी जिंकायचो," ते म्हणाले, "पण जिंकलेल्या सुभ्यातून पुढे दहा वर्षं दाणासुद्धा यायचा नाही. मला वाटायचं तो खेळाचा भाग आहे." मग त्यांनी विचारलं, "वेढा उठवल्यावर तुमच्या खेळात पुढं काय होतं?"

इथं खोटं बोलणं सोपं होतं. भाऊ वाचत असेल तर कोण बोलणार नाही? पण तिला ते जमलं नाही. ती म्हणाली, "मला नक्की माहीत नाही, साहेब. ते बटण इतक्या थोड्या लोकांनी दाबलं की आम्ही ते कधी नीट तपासलंच नाही."

तिला वाटलं, संपलं. आपणच घालवलं. केळुसकरांनी डोळे मिटून घेतले, उघडले, आणि बिनतारी उचलून हुकूम दिला. गाड्या काढा. त्या दोन हमालांना फाटकाशी उतरवा आणि त्यांच्या घरच्यांची मी स्वतः माफी मागणार आहे, तेवढं थांबायला सांगा.

गाड्यांची इंजिनं सुरू झाली आणि काटा खाली यायच्या ऐवजी आणखी वर चढला. दरारा गेला होता ना. यंत्र आपल्या परीने बरोबरच होतं. पोरांनी शिट्ट्या मारल्या, कोणीतरी गाडीच्या पत्र्यावर थाप मारली, आणि शेवटची गाडी वळत असताना एका पोराने खडीतला दगड उचलला. सुप्रभाला तो हात अगदी स्पष्ट दिसला. पहिला दगड. तिने दाराची कड घट्ट धरली आणि मनात नुसतं अण्णा, अण्णा म्हणत राहिली.

अण्णा दुकानातून बाहेर आला तो कोणाकडे न बघता. गर्दीतून वाट काढत, त्या पोराच्या अंगाला घासून तो पुढे गेला आणि जाता जाता त्याला म्हणाला, तुझ्या बाचे डाग अजून आत पडल्यात, ते ओट्यावर कोण लावणार? तेवढ्यात पोलिसांच्या शेवटच्या गाडीतून ते दोन हमाल उतरले. त्यातल्या थोरल्याने इकडेतिकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, केळुसकर जीपमधून उतरून हात जोडून उभे होते त्यांच्याकडे तर ढुंकूनही पाहिलं नाही, आणि तो सरळ गोदामाकडे चालायला लागला. त्याच्या मागे धाकटा. मग एक वजन करणारा तोलाईवाला. मग चार-पाच शेतकरी. शांत व्हायलाही पहिला कोणी व्हायला तयार नसतो, दहावा व्हायला असतात. दगड कधी खाली पडला ते सुप्रभाला दिसलं नाही. ते पोर पाठीवर पोतं घेऊन ओट्याकडे जाताना मात्र दिसलं.

सौद्यांची घंटा झाली. अण्णा ओट्यावर चढला, नमुना हातात घेतला आणि बोली पुकारायला लागला. पण घ्यायला होतंच कोण? दिल्लीची पार्टी बंदोबस्त लागला त्याच दिवशी पळाली होती, कानपूरवाल्यांनी फोन बंद केले होते. दोन-चार गावठी व्यापारी पडक्या भावाने मागत होते. अण्णाने पुकारा केला, पुन्हा केला, घसा खाकरला. शेवटी वैतागून त्याने ध्वनिक्षेपक तोंडाशी ओढला आणि अख्ख्या बोरसाळला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "आज उठाव न्हाई. माल आत घ्या. उद्या बघू."

केळुसकर फाटकाशी उभे होते. त्यांच्या हातातल्या पडद्यावर यंत्राने ते वाक्य टिपलं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. त्याला अर्थ लागत नव्हता. त्यांनी पडदा सुप्रभासमोर धरला.

"मॅडम, हा कुठला उठाव?"

सुप्रभाचे डोळे भरून आले होते आणि तळव्याला अजून बेदाण्याचा चिकटा होता. ओट्यावरून अण्णा तिच्याकडे बघत होता, भाव पडल्यामुळे तोंड कडू करून.

"दोन्ही," ती म्हणाली.